ओटीपी सांगायचा न्हाय

माझ्या फोनच्या पाठीवर एक कागद चिकटवलाय. त्यावर लिवलंय, 'ओटीपी कुणालाबी सांगायचा न्हाय.' अक्षर माझ्या पोरीचं, स्वरालीचं. शेजारच्या गोजरबाईला एक फोन आला, तिनं बँकवाला समजून आकडे सांगितले आन खातं धुऊन गेलं. त्याच आठवड्यात पोरीनं मला पुढ्यात बसवून शिकवलं. "आबा, पोलीस बोलू द्या, साहेब बोलू द्या. आता तर चोर घरच्यांचा आवाजबी बनवत्यात. मी रडत बोलले तरी सांगायचा न्हाय."

मी म्हणलं, "ये, मला काय येडा समजलीस व्हय?"

येडा न्हाय मी. बिरू म्हणत्यात मला. बापानं जलमभर मेंढरं वळली, मी मोरगावच्या माळावर बाजरी करतो, बारा शेळ्या संभाळतो. आन माझी पोरगी बारामतीच्या कॉलेजात वेबसाइटी आन ॲप बनवायला शिकती. शेवटचं वर्ष. गावात कुणी इचारायचीच खोटी, मी छाती फुगवून सांगायचो. तिनं आमच्या शेळ्यांचं ॲप बनवलं. एकेकीचा फोटो, नाव, लस कधी द्यायची ती तारीख. पयली शेळी चंद्री. चंद्री गेल्या साली मेली, पर ॲपातनं काढ म्हणलं तर पोरीनं काढली न्हाय.

आता माझं शहाणपण ऐका. ॲडमिशनच्या दिवशी फॉर्मवर मोबाइल नंबरची जागा आली. पोरगी स्वतःचा लिवाय लागली, तर मी तिच्या हातातनं पेनच हिसकलं. "मुलीचा नंबर देत नसत्यात. दहा जणांच्या हाती जातो. माझा टाक." लायनीतली माणसं बघाय लागली. तिनं मान खाली घालून माझा टाकला. मला लई बरं वाटलं. कसलं बरं वाटलं, जळो माझं तोंड!

अवंदा तिच्या शाखेतल्या पोरांचा पेपर घेऊन नोकरी द्यायला एकच कंपनी येणार होती. गेल्या साली तीबी आली नव्हती. तिकडं सणसरच्या पाहुण्यांना पोरगी पसंत पडलेली. मी त्यांना सांगितलं, दसऱ्यापत्तोर थांबा. नोकरी लागली तर पोरगी पुण्याला जाईल, न्हाय लागली तर सुपारी फोडू. पोरीलाबी तोच शब्द दिला. ती म्हणली, "चालंल आबा. कंपनीचा पेपर मला जड न्हाय." खरंच नव्हता. वर्गातली पोरं अडली की तिलाच इचारायची.

पेपरच्या दिवशी आमी बाजरी काढत होतो. अकराच्या सुमाराला फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज गड्याचा. "स्वरालीचे वडील ना? कॉलेजमधून बोलतोय. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तो जरा लवकर सांगा."

म्हणलं, आला बघा चोर! तोंडात आल्या तेवढ्या शिव्या घातल्या. "गोजरबाईला लुटली तो तूच का रं मुडद्या? लाज न्हाय वाटत?" आन फोन कापला. बायको, म्हाळसा, कणसं खुडत होती. तिला म्हणलं, "बघ, कसा गार केला!" तीबी हसली.

परत वाजला. कापला. परत वाजला. या खेपंला पोरीचा आवाज, रडत होती. "आबा, मी स्वराली. आमचे फोन भाईर ठेवून घेतल्यात, सरांच्या फोनवरनं बोलतीय. कंपनीकडं ॲडमिशनच्या फॉर्मातला नंबर गेलाय, तुमचा. ते आकडे टाकल्याबिगर पेपर उघडत न्हाय. थोडाच वेळ राहिलाय, सांगा की वो लवकर."

माझं बोट फोनच्या पाठीवरच्या कागदावर गेलं. मी रडत बोलले तरी सांगायचा न्हाय, असं तीच म्हणली होती. मी म्हणलं, "माझी पोरगी असशील तर सांग, ॲपातली पयली शेळी कुठली?"

पलीकडं नुसतं मुसमुसणं. मंग म्हणली, "चंद्री. मेलीय ती. मी काढली न्हाय. आबा, सांगा."

माझीच पोरगी. फोन कानापासनं काढला तर मेसेज सापडंना, उन्हात काच दिसंना. म्हाळसानं पदराची सावली धरली. तीन मेसेज आलेले, त्यातला कुठला चालतो ते कळंना. शेवटी पोरगी फोनातनं वरडली, सगळ्यात शेवटचा, तो धरून मी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. सहा आकडे वाचायला किती वेळ लागतो? मला लागला.

पोरगी म्हणली, "वेळ संपला, पेपर बंद झाला, आबा." आता ती रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन त्या सरांच्या पाया पडलो. भला माणूस. माझ्या शिव्यांचं नाव काढलं न्हाय, पोरीचा पेपर परत घ्या म्हणून माझ्यासमोर कंपनीला दुसऱ्यांदा लिवलं. कंपनीनं उत्तरच दिलं न्हाय. पोरीनं घरात एका शब्दानं दोष दिला न्हाय. म्हणली, "मी शिकवलं तसंच केलं तुमी." आरं, दोन शिव्या घातल्या असत्या तर मला घास तरी गिळवला असता.

दसरा झाला. सणसरचा निरोप आला, भावकीत दाखवायला पोरीचा बायोडाटा पाठवा. तो तिनंच बनवला, शेळ्यांचं ॲप बनवलं त्याच लॅपटॉपवर. फोटो, जलमतारीख, शिक्षण, मामाचं गाव. लई देखणा केला. खाली संपर्क लिवलेलं, आन त्याम्होरं माझा नंबर.

मी म्हणलं, "पोरी, तुझा टाक की गं."

"मुलीचा नंबर देत नसत्यात, आबा," ती म्हणली. रागानं न्हाय, सहजच. "पाठवू का आता?"