साठाच्या ठेक्यावरचं यंत्र

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनो, तुम्हीही या. भिंतीला कान असतात म्हणे, पण तिला टाळ्या वाजवता येत नाहीत. एका टाळकऱ्याची आणि परदेशातून आलेल्या यंत्राची गोष्ट सांगतो. गोड आहे, घाबरू नका.

हे टाळकरी म्हणजे अप्पा. उमेदीची सगळी वर्षं ते एका बुवांच्या मागे कीर्तनात टाळ धरून उभे राहिले. बुवा देवाघरी गेले. मागे चार तबकड्या राहिल्या. त्यांत बुवांचा आवाज, आणि आवाजाच्या पाठीशी अप्पांचे टाळ. पुढे अप्पांना अर्धांगाचा झटका आला. देवाच्या कृपेनं सावरले, पण उजवा हात मंदावला. डॉक्टर म्हणाले, "रोज टाळ वाजवा, याहून चांगला व्यायाम नाही." अप्पांनी फोनवर कीर्तन लावून पाहिलं. हात मागे पडला. मग टाळ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले आणि म्हणाले, "फोनच्या आवाजात जीव नाही."

खरं काय ते त्यांच्या बायकोला, म्हणजे मुलांच्या आईला, ठाऊक होतं.

थोरली लेक परदेशात एका रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायचं काम करायची. लेबल वाचल्याशिवाय पाणीही पिणार नाही अशी. तिनं ठरवलं, घरचं तबकडीचं यंत्र कधीच बंद पडलंय, तर सुट्टीवर जाताना नवं न्यायचं. बुवांचा आवाज आला की अप्पा टाळ काढतीलच. दुकानात उभी राहून तिनं काकांना फोन लावला. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. पंपांच्या जळालेल्या मोटारींना नव्या तारेची कॉइल भरून देण्याचा त्यांचा धंदा, म्हणून अख्खी गल्ली त्यांना कॉइलकाका म्हणायची.

"मागची पट्टी वाच, पोरी."

"एकशे वीस व्होल्ट."

"आपल्याकडे दोनशे तीस. तसंच लावलंस तर धूर निघेल, आणि तो उदबत्तीचा नसेल! व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घे. वॅट?"

"अठरा."

"मग छोटा पुरे. पिना?"

"चपट्या."

"त्या मी बदलतो."

"काका, इथे साठ असंही लिहिलंय. पुढे दोन अक्षरं आहेत."

"असेल कंपनीचं काहीतरी. घेऊन ये तू."

काकांना दोष देऊ नका हं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मोटारीवर त्या जागी पन्नासच असायचे. जे कधी बदललंच नाही, त्याकडे बघायची सवय कुणाला असते?

यंत्र आलं. मधल्या खोलीत टेबलावर मांडलं. काकांनी ट्रान्सफॉर्मर जोडला, पिना बदलल्या, टेस्टर लावून पाहिला. थोरलीनं तबकडी फडक्यानं पुसली. आईनं कपाटातले टाळ काढून अप्पांच्या मांडीवर ठेवले.

"हे कशाला?" अप्पा म्हणाले.

"असू द्या. वजन नाही त्यांना."

सुई टेकली. धूर नाही, ठिणगी नाही. काकांनी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात बुवा गायला लागले, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. आवाज जड, खोल. भरपेट जेवून उठलेला माणूस जिना चढावा तसा एकेक शब्द येत होता.

"बुवांना सर्दी झाली की काय?" काका हसायला गेले, पण हसू आलं नाही. त्यांनी यंत्र तिरकं करून पट्टी वाचली आणि कपाळावर हात मारला. "साठ! अगं, तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. ही मोटार त्या ठेक्यावरच पाऊल टाकते. ठेका मंद, तर तीही मंद. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, ठेका बदलत नाही. मी गाढव!"

थोरलीचे डोळे भरले. "इतक्या लांबून आणलं मी... बंद करा ते, काका. बुवांची अशी थट्टा नको."

काकांचा हात बटणाकडे गेला.

"थांबा, भावजी." आई म्हणाली. "बंद करू नका. हातांकडे बघा ह्यांच्या."

अप्पांनी टाळ कधी उचलले, कुणालाच कळलं नव्हतं. डोळे मिटलेले. उजवा हात जात होता, येत होता, आणि तबकडीतल्या टाळांवर नेमका पडत होता. एकदा चुकला. पुन्हा सापडला. ओळ संपली, पुढची आली, तरी ते मागे पडले नाहीत.

तबकडी संपल्यावर अप्पा म्हणाले, "फोनच्या आवाजात जीव होता गं. माझ्याच हातात नव्हता. आज तो तबकडीतला तरुण गडी माझ्यासाठी थांबला."

"मग आता दुरुस्त करायचं की नाही?" काका म्हणाले. "मोटारीच्या दांड्यावर थोडी जाड पितळी चकती बसवली की वेग पूर्ववत. मी घडवून देतो."

"घडव. पण बसवू नकोस. मी सांगेन तेव्हा."

"म्हणजे माझी चूक ठेवून घेतोस, दादा?"

"एवढी कामाची गोष्ट तुझ्या हातून पहिल्यांदाच झालीय!"

थोरली डोळे पुसता पुसता हसली. सुट्टी संपवून ती परत गेली. तिकडे रोज फोनवर तिला टाळ ऐकू येत. आधी एक ओळ, मग अख्खं पद. चकती टेबलाच्या खणात पडून होती. एके सकाळी अप्पा चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "आज बुवा फारच रेंगाळतायत. धाकट्याला बोलवा." काका चकती घेऊन बसले. बुवांचा आवाज पुन्हा मूळचा, खणखणीत झाला, आणि अप्पा त्या तरुण गड्याच्या खांद्याला खांदा लावून वाजवत राहिले. दोन जागी हुकले. "त्याचंच चुकलं," असं म्हणाले.

गोष्ट संपली. आता उठाल, घरी जाल. आणलेली वस्तू मनासारखी चालली नाही आणि बंद करायला हात पुढे झाला, तर क्षणभर त्या माउलीची आठवण ठेवा. सगळे यंत्राकडे बघत होते. ती हातांकडे बघत होती.