एका घासापुरती लेक

शामलाला दिवसातून एकदाच माय असायची, दुपारी भाताच्या वेळी. बाकी सगळा दिवस मायच्या लेखी तिची ओळख ‘बाई’ एवढीच. ‘बाई, पानी कुठं ठेवता तुमी?’ ‘बाई, मी जातो आता घरी, धानावर पाखरं बसली असतीन.’ शहरात, प्रताप नगरात दुसऱ्या मजल्यावर कुठला धान आणि कुठली पाखरं! पण ते मायला, प्रेमिलाबाईंना, कोण सांगणार? सांगितलं की त्या शहाण्यासारखी मान डोलवायच्या, आणि घडीभरानं पुन्हा चपला शोधायला लागायच्या.

मागच्या वर्षी धान कापून झाला आणि भाऊ जितेंद्रनं मायला गावाहून, कुहीहून, आणून सोडलं. सोबत घरच्या तांदळाचं पोतं. त्याला बोल लावायचं काही कारण नव्हतं. त्यानं आणि त्याची बायको दिपालीनं जीव लावून केलं होतं. पण म्हातारी तिन्हीसांजेला बांधीकडे, धानाच्या शेताकडे, चालू लागायची आणि अर्धं गाव बॅटऱ्या घेऊन मागं. शेवटी शामलाच म्हणाली, आण इकडं. लेकीच्या घरी कसं राहायचं, असं एरवी माय म्हणालीच असती. ती काही म्हणाली नाही, आणि शामलाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शामला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, सकाळपाळीची. नवरा गिरिधर गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात हिशेब बघायचा. ती घरी आली की तो निघायचा, म्हणजे माय एकटी अशी कधी राहायची नाही. मग दोघी मायलेकी जेवायला बसायच्या. माय खुर्चीवर बसत नसे, म्हणून शामलाही खाली मांडी घालायची.

आणि तिथं ती जादू व्हायची. ताटात गरम भात पडला, वर पिवळं वरण आणि तूप पडलं, की मायचा हात आपोआप चालू लागायचा. बोटांनी भात मऊ करायचा, कडेनं गोळा करायचा, घास बांधायचा. पहिला घास ती कधीच स्वतःच्या तोंडात घालायची नाही. तो समोर धरायची आणि म्हणायची, ‘शामले, खाय वं. किती वाळून चालली.’ तेवढ्या वेळापुरतं तिला सगळं आठवायचं. शामलाचा लहानपणी भाजलेला हात आठवायचा, जितेंद्र झाडावरून पडला ते आठवायचं. ‘तुह्या बाबाले वाढलं का?’ असंही विचारायची. बाबा जाऊन किती वर्षं झाली, ते तेवढं निसटायचं. ताट उचललं की संपलं. ‘बरं झालं बाई, तुमी जेवू घातलं,’ म्हणून माय हात धुवायला उठायची.

शामलाला त्या घासाची चटक लागली होती, खोटं कशाला बोला. सकाळी शाळेत दाखले टाईप करताना तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं. आणि एका घासावर कुठली माय थांबते? एकाचे चार व्हायचे, मग ‘अजून थोडा घे वं’ म्हणत अर्धं ताट रिकामं व्हायचं. शामला खात राहायची, कारण ती खात असेतोवर तिला नाव असायचं.

मग शामलाचा रिपोर्ट आला. साखर अशी चढलेली, की डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवून चष्माच काढला. पोळी-भात जवळपास बंद म्हणाले, गोड तर नावालाही नाही. आणि वडिलांचं काय झालं ते मी सांगायला नको, तुम्हीच पाहिलंय, म्हणाले. पाहिलं होतं तर काय! बाबांच्या, चंपतरावांच्या, पायाच्या अंगठ्याला चिखलात काहीतरी टोचलं, एवढंच निमित्त. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. ड्रेसिंग शामला करायची. शेवटी शेवटी तर बाबा स्वतःच तोंडावर शेला घ्यायचे आणि लेकीला म्हणायचे, तू पण नाक बांध वं. रिपोर्ट घडी करून पर्समध्ये टाकून शामला दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. तिला मरायची भीती नव्हती, तिला तसं कुजायची भीती होती.

कॉलनीत चिन्मयी नावाची पोरगी होती, आहाराचं शिकलेली. तिचा एक ग्रुप होता आणि त्यात शामलासारख्या बऱ्याच जणी. चिन्मयी बोलायची गोड, पण होती पक्की. सवय मोडायला जाऊ नका काकू, तिच्या जागी दुसरी बसवा, म्हणाली. आधी काकडी-टमाटर, मग भाजीची मोठी वाटी, मग घट्ट वरण किंवा अंडी, आणि जेवण झालं की लगेच गच्चीवर फेऱ्या. कोणी आग्रह केला तर वाद घालू नका, कारणं देत बसू नका. एकच वाक्य ठरवा. हसून म्हणा, रोज तेच म्हणा, एका अक्षराचा फरक करू नका. समोरचा आपोआप थकतो.

शामला मुळात शिस्तीची बाई. शाळेतल्या वाढदिवसाचे पेढे ती पर्समध्ये टाकून गिरिधरला आणून देऊ लागली. चहातली साखर गेली. रविवारचे तर्री-पोहे गिरिधर एकटा कोपऱ्यावर जाऊन खाऊन यायचा आणि मिशा पुसून घरात शिरायचा, जसं काही हिला वास येत नाही. जवसाची चटणी, मेथी, पनीर, उकडलेली अंडी, सगळं अंगवळणी पडत गेलं. अडलं ते फक्त दुपारच्या त्या घासापाशी.

आधी तिनं युक्ती करून पाहिली. फुलकोबी किसली, वाफवली, मायच्या ताटात कडेला भातासारखी वाढली. मायनं त्यात बोटं घातली मात्र, तिचं तोंड पडलं. ‘हा कोनत्या बांधीतला वं? आजारी धान दिसते,’ म्हणाली. जन्मभर धानात उभी राहिलेली बाई, तिला काय फुलकोबी फसवणार! शामला पोट धरून हसली, आणि मायही हसली.

मग तिनं वाक्य ठरवलं. माय घास पुढं करायची, ‘शामले, खाय वं.’ शामला हसून म्हणायची, ‘मले भात चालत नाई, माय. मले शुगर आहे.’ पहिल्या दिवशी मायचा हात तसाच हवेत राहिला. ‘काहून नाई चालत? मी काई वाईट शिजवलं का?’ तिचे डोळे भरून आले. पण दुसऱ्या दिवशी मायच्या ध्यानात यातलं काहीएक नव्हतं. तोच घास, तीच हाक. शामलानं तेच वाक्य म्हटलं.

आणि इथंच तिचा हिशेब चुकला. मायच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की हिच्या डोक्यात आता नवीन काही राहणार नाही, जे आहे ते जुनंच. शामलानं ते धरून ठेवलं. तिला वाटलं, आपण रोज नाही म्हटलं तरी काय बिघडलं? उद्या माय विसरणार, उद्या पुन्हा नावानं हाक मारणार. भातही टळला आणि मायही राहिली. दोन्ही हातांत लाडू! तिनं हे गिरिधरला सांगितलंसुद्धा, जरा मिरवतच. तो नुसता हं म्हणाला.

हिवाळा गेला. शामलाच्या ब्लाऊजच्या शिवणी आत घ्याव्या लागल्या, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, तोंडावर तजेला आला. शाळेतल्या बाया विचारू लागल्या, काय करून राहिली वं तू? आणि घरात माय हळूहळू बदलत होती. आधी घास पुढं यायचा आणि मध्येच थांबायचा, जसं कोणी हाताला धरलं. मग ‘तुले चालत नाई ना वं,’ असं ती स्वतःच म्हणू लागली. मग त्या ‘तुले’चं ‘तुमाले’ झालं. मग घास पुढं येणंच थांबलं. माय आपला भात मुकाट्यानं खाऊ लागली, आणि शामलापुढं काकडीची बशी सरकवू लागली.

शामलाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण तिला त्यात आपली जीत दिसली. तिनं ग्रुपवर लिहिलं, आता माझी आईपण आग्रह करत नाही. लगेच टाळ्यांचा पाऊस पडला. चिन्मयीनं लिहिलं, बघा काकू, म्हटलं होतं ना? शामलानं तो मेसेज दिवसभरात चारदा उघडून पाहिला.

गिरिधर तसा मुखदुर्बळ माणूस. एका रविवारी तिघं जेवत होते. तो भात कालवता कालवता थांबला आणि म्हणाला, ‘मायनं तुले नावानं कवा हाक मारली होती वं, शेवटची?’

शामला सांगायला गेली आणि तिला सांगताच येईना. होळीला? त्याच्या आधी? मायच्या ताटात भात होता, वरण होतं, तूप होतं. माय खात होती आणि अधूनमधून दोघांकडे पाहून पाहुण्यासारखी हसत होती. शामला उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. मग तोंड धुऊन आली आणि ताटातलं घट्ट वरण संपवलं.

पुढच्याच आठवड्यात रिपोर्ट होता. डॉक्टर खूश! असे पेशंट असावेत, म्हणाले. तुमची फाईल मी दुसऱ्यांना दाखवीन. शामलानं फक्त एकच विचारलं, घासभर भात खाल्ला तर चालेल का? ते हसले. घासभरानं काय होतंय, कधीमधी खा, फक्त पुन्हा ताटावर जाऊ नका. त्या बिचाऱ्यांना काय माहीत ही कशासाठी विचारते आहे. ती परत येताना ऑटोत बसली आणि सबंध रस्ताभर तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते.

घरी आल्याबरोबर तिनं गिरिधरला दुकानात पिटाळलं. पोत्यातला तांदूळ धुतला, जरा आसट, मऊ शिजवला, मायला आवडतो तसा. वरणाला फोडणी दिली नाही, तूप सढळ हातानं घातलं. आज काकडी चिरू नये असं तिच्या मनात आलं होतं, पण हातानं चिरून टाकली होती. दोघींची ताटं मांडली आणि ती मायसमोर बसली.

मायनं भात कालवला. घास बांधला. शामला जरा पुढं सरकून बसली. मायनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

‘माय,’ शामला म्हणाली, ‘मले एक घास दे ना.’

माय चावता चावता थांबली. तिनं शामलाकडे नीट पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की बस. कितीतरी महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी बरोबर आठवलं होतं. ‘तुमाले भात चालत नाई, बाई,’ ती म्हणाली. ‘तुमाले शुगर हाय.’

आज चालते, डॉक्टरांनीच सांगितलं, असं शामलानं समजावलं. मायनं मान हलवली. डॉक्टर सांगतीन, पण आपलं आपल्याले पाहावं लागते, म्हणाली. शामलानं मग कुहीच्या बांधीचा विषय काढला, बाबांचा काढला, भाजलेला हात पुढं करून डाग दाखवला. मायनं डागावरून बोट फिरवलं आणि बरं झालं का आता, असं परक्या मायेनं विचारलं.

‘माय, मी शामला आहे वं. तुही शामला.’

माय हसली, थट्टा कळल्यासारखी. ‘माही शामला भात खाते, बाई,’ ती म्हणाली. ‘तिले भाताबिगर काईच सुचत नाई.’

शामलाला राहवलं नाही. तिनं मायच्याच ताटात हात घातला आणि घास उचलला. मायनं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर अजून होता.

‘नका खाऊ, बाई. तुमी बी कोनाची लेक असान. तुमच्या मायले काय वाटन?’

तो घास शामलाच्या बोटांतून ताटात गळून पडला. मायनं आपल्या पदरानं तिची बोटं पुसली, एकेक करून, तूप लागलं होतं म्हणून. मग काकडीची बशी तिच्यापुढं सरकवली. शामला रडत रडत काकडी खाऊ लागली, कारण माय समोर बसून ती खाते की नाही ते पाहत होती.

बशी रिकामी झाल्यावर मायनं आपल्या ताटातला उरलेला भात एका कडेला सारला, वरून दुसरी ताटली झाकली आणि ते शामलाच्या हातात दिलं.

‘हे ठेवून द्या, बाई. माही शामला आली का सांगजा तिले, मायनं भात ठेवला म्हना.’

‘सांगते,’ शामला म्हणाली.