मी टायर झाले

गुरुवारी सकाळी बाबा मला अल मवालेहच्या भाजीबाजारात घेऊन गेले ते काकड्या घ्यायला. डोंगरावर पाण्याच्या जोडीला काकडी हवीच, हे त्यांचं जुनं मत. प्रत्येक काकडी दोन्ही हातांत धरून ते हलकेच वाकवून बघत. कडक राहिली तर पिशवीत, वाकली तर परत ढिगात. भाजीवाला वैतागून बघत होता. मीही.

मी पुण्याहून ओमानला आई-बाबांकडे रजेवर आले होते आणि त्या रजेतले दोन दिवस जबल शम्ससाठी राखलेले होते. मी नव्हे, त्यांनी राखले होते. ओमानमधला सगळ्यात उंच डोंगर. शुक्रवारी दुपारी निघायचं, रात्री पठारावर तंबू टाकायचा, शनिवारी उजाडताच वर. त्यासाठी बाबांनी शनिवारी ऑफिसला सुट्टी टाकली होती.

“या वेळी शिखर नक्की,” ते म्हणाले.

“आणि गुडघा?”

“गुडघ्याशी बोलणं झालंय माझं.”

मला हसू आलं नाही. कॉलेजात असल्यापासून प्रत्येक सुट्टीत आम्ही त्या डोंगरावर जात होतो आणि प्रत्येक वेळी शिखराच्या खालूनच परतत होतो. एकदा ढग आले. ढग कसले, आभाळात कापसाचे दोन बोळे होते. एकदा आईचा फोन लागत नव्हता म्हणून त्यांना काळजी वाटली. तिथे कुणाचाच फोन लागत नाही. आणि मग गुडघा. तासन् तास “आलंच, हे काय, आलंच” म्हणत पुढे चालायचे. मी दात आवळून मागून यायची. आणि शेवटचा चढ समोर दिसायला लागला की हे दगडावर बसून गुडघा चोळणार. “आज नको सई. पुढच्या वेळी.” उतरताना मी त्यांच्याशी बोलत नसे. इतकं चढायला लावून असं परत फिरवायचं, याला काय अर्थ?

कलिंगडांच्या ढिगाशी मजीदकाका भेटले. मूळचे रत्नागिरीकडचे. गाला भागातल्या गॅरेजांच्या रांगेत त्यांचं टायरचं दुकान आहे. डोंगरातल्या दगडांनी बाबांचे टायर फाडले, तेव्हापासूनची ही दोस्ती. शिखराच्या या मोहिमेत तेही असणार होते.

“काय गो बाय,” मला बघताच ते म्हणाले, “टायर झालीस की अजून नाय?”

हा विनोद तेव्हा पंधरा वर्षांचा झाला होता. मी दुसरीत असताना आम्ही नखलजवळच्या एका टेकडीवर गेलो होतो. शाळेत आम्ही मुलं आपसांत इंग्रजीच बोलायचो, आणि बाबांचा नियम असा की डोंगरावर फक्त मराठी. मला दम लागला होता. ‘टायर्ड’ला मराठीत काय म्हणतात ते आठवेना. मी म्हणाले, “बाबा, मी टायर झाले.”

सगळे बसून हसले. मजीदकाका तर जमिनीवर लोळायचेच बाकी होते. बाबांना म्हणाले, “नंदू, घेऊन ये हिला दुकानात, रिमवर चढवतो.” मंडळाच्या गणपतीत, वाढदिवसांना, विमानतळावर, सगळीकडे ती गोष्ट सांगितली गेली. योग्य शब्द मला बाबांनी त्याच दिवशी शिकवला होता. मी तो पुन्हा कधी वापरला नाही. पुढे पुढे बाबाच लोकांना सांगू लागले, “आमची सई दमत नाही.” ते असं म्हणाले की माझ्याकडे थोडा वेळ बघत राहायचे. मला वाटायचं, कौतुकाने.

आताही काकड्यांची पिशवी माझ्या हातात देत ते मजीदकाकांना म्हणाले, “हिला कसलं विचारतोस? ही दमत नाही.” आणि माझ्याकडे बघितलं.

“चला, ऊन वाढतंय,” मी म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी सॅक भरून दाराशी ठेवली. जेवताना आईशी मिठाच्या पुडीवरून वाद घातला. मी पुस्तक घेऊन झोपायला गेले. पहाटे आईने हाक मारली ती चहासाठी नव्हती. बाबा झोपेतच गेले होते.

पुढच्या दिवसांबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. सोहारच्या स्मशानाकडे जाताना वाटेत सहम गावापाशी गाडी अडकली, कारण रस्त्यावर कुणाचा तरी उंट आला होता. मी खाली उतरून उंट हाकलला. मागच्या गाडीतून कुणी तरी म्हणालं, “मुलासारखं करतेय हो.” मी एकुलती एक. अग्नी मीच दिला. नंतर बाबांच्या हिशोबासाठी त्यांच्या कंपनीच्या माणसाकडे रोज खेपा. तो रोज प्रेमाने बसवून घ्यायचा, कहवा द्यायचा आणि म्हणायचा, बुकरा, इन्शाल्ला. उद्या. आईचा व्हिसा बाबांच्या व्हिसावर, म्हणजे तोही आता संपणार. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. येणारी प्रत्येक बाई आईला जवळ घेऊन रडायची आणि मला लांबून सांगायची, “तू खंबीर आहेस म्हणून बरं.” मग मला विचारायची, फ्रिज विकणार का.

सॅक दाराशीच होती. तिला ओलांडून आम्ही जात-येत होतो.

“ती उचल तरी,” आई एके दिवशी म्हणाली, “नाही तर घेऊन जा डोंगरावर. माझ्याच्याने बघवत नाही.”

तिने ते रागाने म्हटलं होतं, पण मी मजीदकाकांना फोन केला. हा देश आमच्यासाठी आता बंद होणार होता. पुन्हा यायला काही कारण उरणार नव्हतं. निदान ते एक शिखर तरी अर्धं सोडून जायचं नव्हतं. बाबा जिथे पोचले नाहीत तिथे मी पोचणार होते.

बाजारातल्या काकड्या सॅकमध्ये पाणी होऊन गेल्या होत्या. मी नव्या आणल्या. प्रत्येक वाकवून बघितली.

पठारावर रात्र काढून आम्ही उजाडताच चालायला लागलो. दगडांवर पिवळ्या, पांढऱ्या, लाल रंगाचे पट्टे मारलेले असतात, त्यांच्यामागून जायचं. मजीदकाका साठीचे, पोट सुटलेले, दर वळणावर थांबायचे आणि न लाजता सांगायचे, “मेलो मी. बस जरा.” बसले की गप्पा. एक बकरी त्यांची टोपी चघळायला आली तर तिच्याशीही गप्पा. मला घाई होती. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, छातीत सुया टोचत होत्या, आणि तरी मीच पुढे.

“अजून किती?” मी शेवटी विचारलं.

“आलंच,” ते म्हणाले.

“तुम्ही नका ना तसं म्हणू.”

नंतर त्यांनी तो शब्द काढला नाही.

बाबा गुडघा चोळत बसायचे तो दगड आला आणि मागे पडला. वर जुनिपरची पिळवटलेली झाडं, मग उघडा खडक, मग एकदम चढच संपला. शिखरावर कुणी तरी दगड रचून ठेवले होते. खाली दरी इतकी खोल की तिचा तळ सावलीत होता. मी सॅक टेकवली आणि मान वर केली.

समोर, मधली खिंड ओलांडून, आणखी एक शिखर होतं. आमच्याहून थोडं उंच. त्यावर पांढरे घुमट आणि भोवती कुंपण.

“ते काय आहे?”

“ते खरं शिखर,” मजीदकाका दगडावर कोसळत म्हणाले. “लष्कराचं रडार. तिथे सोडत नाय कुणाला. लोक चढतात ते हेच. दक्षिणेचं.”

“म्हणजे मुळात वर जाताच येत नाही?”

“नाय.”

“आणि बाबा इतकी वर्षं मला सांगत होते, या वेळी शिखर नक्की! त्यांना हेसुद्धा माहीत नव्हतं?”

“माहीत नव्हतं कसं? हेच म्हणायचा तो, शिखर म्हणजे. आम्ही दोघं आलेलो ना इथे. तू बारावीला होतीस तेव्हा. तू बसलीस ना, तिथेच बसलेला.”

मी उठून उभी राहिले. “इथे? वर? मग गुडघा?”

मजीदकाका हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा बिघडला. “नंदूचा गुडघा! घोड्याचा गुडघा तो. त्याला काय धाड भरलेली?”

“मग मला का परत फिरवायचे प्रत्येक वेळी?”

“तुझे ओठ पांढरे पडायचे म्हणून. पाय लटपटायचे. मागून येताना तुला वाटायचं दिसत नाय. त्याला सगळं दिसायचं. मला बोलायचा, मजीद, ही पडेल पण बोलणार नाय. दमले म्हणाली तर तिथेच बसू, काकडी खाऊ, झोपूसुद्धा तासभर. मग जाऊ आरामात वर. पण म्हणायला पाहिजे ना तिने.”

“मग विचारायचं मला!”

“विचारायचा की. तू काय सांगायचीस?”

मी ठीक आहे. प्रत्येक वेळी तेच, आणि वर “चला, अजून थोडंच आहे.”

“ते टायरचं आमचं चुकलंच,” मजीदकाका म्हणाले. “तो विनोद बंद कर म्हणाला होता मला एकदा. मी कुठला ऐकतो.”

“काल-परवापर्यंत करत होतात.”

“करत होतो.”

मला त्यांचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त. मी आणि बाबा, एक वाट, आणि एवढासा शब्द दोघांनी एकमेकांवर ढकलत ठेवला. तो बोलला गेला असता तर आम्ही केव्हाच इथे पोचलो असतो, मीठ लावून काकडी खाल्ली असती, मिठावरून वाद घातला असता.

सॅकच्या बाजूच्या कप्प्यात मिठाची पुडी होती. म्हणजे शेवटी त्यांनीच ती घेतली होती. मी काकडी मोडली. अर्धी मजीदकाकांना दिली. ते ती खात नव्हते, नुसते हातात धरून बसले होते. घरी आई होती, खोकी होती, उद्या पुन्हा तो कहवा होता.

मी खाली बसले. समोरच्या घुमटांकडे, वाऱ्याकडे, त्या बंद शिखराकडे तोंड करून, मजीदकाकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“बाबा, मी दमले.”