दुर्बिणीवरचा नंबर

दुकानदाराने तिसरी दुर्बीण काउंटरवर ठेवली तोवर माझा पारा चढला होता. पहिल्या दोन्हींतून रस्त्यापलीकडचं घड्याळ धूसर दिसलं होतं.

"काका, सात बाय पन्नास. बोटीसाठी सगळे हीच घेतात," तो म्हणाला. मला शिकवायला निघाला होता. सातपटीहून मोठं दाखवणारी दुर्बीण डुलत्या बोटीवर धरली की अख्खा समुद्र नाचायला लागतो, हे मी तो पाळण्यात असल्यापासून जाणतो.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नव्हती. बत्तीस वर्षं बोट चालवली, पण दुर्बिणीतून बघणं हे बायकोचं काम. ही पुढच्या बाकावर ऐसपैस बसायची आणि मी मागे सुकाणू धरायचो. "काय दिसतंय?" मी विचारायचो. "डावीकडे बोया, दोरी लांब सोडलीय," ही सांगायची. जाळ्यांचे तरंगते बोये पाण्यात कुठेही असतात. त्यांची दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंतली की बोट जागच्या जागी ठप्प. हिच्यामुळे एकदाही गुंतली नाही. तरी मी कुरकुरायचो, "जरा बाजूला सरक, तुझ्या पाठीशिवाय काही दिसत नाही."

"मग पाठ बघा. बाकीचं मी बघते."

हिला जाऊन आता वर्ष होईल. त्यानंतर मी दोनदा एकटा गेलो. पहिल्यांदा थोडं अंतर जाऊन परत फिरलो. दुसऱ्यांदा एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दुर्बीण अशी कसरत करताना दुर्बीण पाण्यात पडली. ती बुडाली तिथे बघत राहिलो आणि तेवढ्यात पंख्यात दोरी गेली. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं.

लेकीने फोनवर सुनावलं, "बाबा, पुन्हा असं झालं तर बोट विकायची. शब्द द्या."

दिला. बोट गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे तिला सांगता आलं नाही.

तिसरी दुर्बीण उचलली, दोन्ही नळ्यांवरच्या कड्या फिरवल्या, डोळ्यांना लावली. धूसर.

"हीपण बाद," मी म्हणालो. "माल बघून घेता की नाही तुम्ही लोक?"

तो चिडला नाही. दुर्बीण हातात घेऊन त्याने कड्यांवरचे आकडे वाचले. "डावीकडे उणे तीन, उजवीकडे उणे दीड. तिन्हींवर तुम्ही हेच लावलंत. काका, हा डोळ्यांचा नंबर कुणाचा?"

रोज सकाळी धक्क्यावर मी दुर्बीण पुसायचो, पिशवीत इकडेतिकडे झालेल्या कड्या हिच्या नंबरावर आणायचो आणि मग हिच्या हातात द्यायचो. चष्म्यावरून दुर्बीण धरायचा हिला कंटाळा. माझ्या बोटांना तेवढंच ठाऊक होतं. दोरी गुंतली त्या दिवशीही असंच केलं असणार. मला वाटलं होतं, धुकं पडलंय.

"बायकोचा," मी म्हणालो.

"मग त्यांनाच घेऊन या ना एकदा," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून दुर्बिणीच्या काचा पुसायला लागला.

त्याने मला एकेक डोळा झाकायला लावला. कडी हळूहळू फिरवता फिरवता घड्याळाचा काटा लख्ख समोर आला. डावा शून्य, उजवा अधिक एक. चौसष्टाव्या वर्षी मला माझा नंबर कळला. विसरू नये म्हणून दुकानदाराने कड्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून दिल्या.

रविवारी बोट काढली. थोडं जायचं, इंजिन बंद करायचं, चौफेर बघायचं, मग पुढे निघायचं, अशी एकट्याची रीत बसवली. अर्ध्या वाटेत सवयीने विचारलं, "काय दिसतंय?" कोण सांगणार? मीच दुर्बीण लावली आणि मोठ्याने म्हणालो, "डावीकडे बोया." सुकाणू वळवलं. दोरी बाजूने निघून गेली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "अडकली का कुठे?"

"नाही."

"म्हणजे दुर्बीण चांगली मिळाली. नीट दिसतं ना?"

"अगदी लांबवर दिसतं," मी म्हणालो. "मध्ये कुणी बसलेलं नसतं ना आता."