दाट असल्याचं कळवण्यात येत आहे

हे कुणाला पटायचं नाही, आधीच सांगून टाकलेलं बरं. मागच्या ऑगस्टात ऊन असं लख्ख पडलं होतं की समुद्राच्या तळाशी शेवंडी डोळ्यांवर नांगी धरून चालत होत्या. अशा दिवशी आपल्या बंदरातल्या झाडून सगळ्या होड्या दाट धुक्याला भिऊन परत आल्या. आणि त्या धुक्याचं मूळ होतं रोवेना फॉकिंगहॅमच्या छातीत. हसू नका, ती इथेच शेगडीपाशी कॉफी घेत बसली आहे. विचारा तिला.

रोवेना एकटीच होडी घेऊन शेवंडींचे सापळे ओढायला गेली होती. नवरा डेल्विन पाठ धरल्यामुळे घरी, आणि बायकोच्या नावाचं पाकीट न फोडता ठेवील तर तो डेल्विन कसला! त्याने वाचलं, घाबरला आणि वायरलेस उचलला. त्यावर अख्खं बंदर कान लावून असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"रोवेना, दवाखान्यातून आलंय गं. दाट आहे म्हणतात. दाट असलं की आत काय दडलंय ते दिसत नाही. कळवणं भाग आहे म्हणून कळवलंय. ऐकतेयस ना?"

'दवाखान्यातून' तेवढं खरखरीत बुडालं, बाकीचं सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं. आपल्याकडे 'दाट' म्हटलं की एकच गोष्ट, धुकं. होड्यांनी तोंडं फिरवली. म्हातारा मर्ल बील तर भर उन्हात भोंगा वाजवत आला आणि धक्क्याला लागल्यावर शपथेवर म्हणाला, "स्वतःचा हात दिसत नव्हता रे!"

रोवेनाला मात्र नेमकं कळलं; तिच्या मॅमोग्राफीचं उत्तर यायचं होतं. हातातला ओला दोर सुटून सापळा पुन्हा खाली गेला, तरी ती तशीच उभी. तिची आई अर्विला दरवर्षी मॅमोग्राफी करायची आणि दरवर्षी उत्तर यायचं, काही आढळलं नाही. खोटं नव्हतं ते. काही बायकांची छाती आतून दाट असते; तो दाटपणा फोटोत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. डॉक्टरांना दाट असल्याचं ठाऊक होतं, पण बाईला सांगायची तेव्हा रीत नव्हती. आढळली तेव्हा अक्रोडाएवढी होती. शेवटपर्यंत अर्विला एवढंच विचारत राहिली, "मग मला सांगितलं का नाही?"

धक्क्यावर सगळे डेल्विनची सालटी काढत होते. "अरे गाढवा, उद्या तिचा पाय मुरगळला तर काय वादळ जाहीर करशील?" रोवेना दूर उभी राहून दवाखान्यातल्या नर्सशी फोनवर बोलत होती.

"घाबरू नका बाई, अर्ध्याअधिक बायकांचं असं असतं. आता कायदाच आहे, प्रत्येकीला कळवावंच लागतं."

"गाठ आहे का?"

"फोटोत दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाहीये, की नुसती दिसत नाही?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग नर्स म्हणाली, "नुसती दिसत नाही. सोनोग्राफी करून घ्या."

घरी डेल्विन मान खाली घालून बसला. "सांगायलाच नको होतं मी."

"सांगितलंस ते बरंच केलंस. कसं सांगितलंस, त्याचा जाब मात्र तुझ्या आईला विचारायला हवा."

मग सोनोग्राफीसाठी एल्सवर्थच्या दवाखान्यात गेली दोघं. तिथल्या मुलीने थंडगार मलम चोपडलं, यंत्र फिरवायला लागली, आणि रोवेनाने पडदा ओळखला. होडीवर तळ दाखवणारं यंत्र असतं ना, त्याचीच ही बहीण. आवाज सोडायचा, परत येतो तो ऐकायचा. मुलगी एका जागेवरून पुढे गेली. मग मागे आली. पुन्हा तिथेच. रोवेनाचं आयुष्य असल्या पडद्यापुढे गेलं होतं. खाली काही असल्याशिवाय कुणी त्याच जागेवरून दोनदा जात नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने श्वास असा धरला की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून ते चालू करावं लागलं म्हणतात.

"काय आहे तिथे?"

"ते डॉक्टर सांगतील."

"अगं, तुला दिसतंय की!"

"डॉक्टरच सांगतील, बाई."

डॉक्टर आल्या, त्यांनीही त्याच जागी थांबून पाहिलं. "ही पाण्याची गाठ आहे, निरुपद्रवी. शेजारी एक बारीक ठिपका दिसतोय. बहुतेक काही नसेल. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

झालं! रोवेना हसत बाहेर आली, डेल्विनला खेकड्याचा पाव खाऊ घातला, वाटेत गाणं म्हटलं. आणि त्या दिवसापासून आजतागायत त्या ठिपक्याची तिला एकदासुद्धा आठवण...

"खोटं!"

शेगडीवर कप आपटला. रोवेना उठून उभी राहिली होती.

"शेवंडींनी डोळे झाकले, घड्याळ बंद पडलं, सगळं मुकाट ऐकून घेतलं मी. पण हे साफ खोटं आहे. सहा महिने भरले, येत्या मंगळवारी जायचंय मला तिथे, आणि सकाळपासून घास उतरत नाहीये घशाखाली."