डाव्या बाजूची नखं

मुलांनो, डोळे मिटा. किलकिले ठेवू नका, मला कळतं. आता समजा, हैदराबादला बरकतपुऱ्यात आमच्या घराच्या पायरीवर तुम्ही उभे आहात. सकाळचे साडेसात झालेत आणि बसथांब्यापर्यंत एकट्यानं जायचंय. पावलं मोजायची. दोनशे चौदा झाली की डावीकडे वळायचं. बाराव्या वर्षी तापात डोळे गेले, तेव्हापासून मी असाच चालत आलो.

पण मी सांगतोय ते साल पंच्याण्णव. घरोघरी फोन येत होते आणि त्यांच्या तारा पुरायला रस्ते रोज नव्या जागी खणले जात. काल मोजलेली पावलं आज कामाची नसत. तेव्हा मला सांभाळलं भिंगरीनं. गल्लीतलीच कुत्री. कुणी शिकवलं नव्हतं, तरी माझ्या डाव्या गुडघ्याला लागून चालायची. डांबरावर तिची नखं टिक टिक वाजत. खड्डा आला की नखं थांबत, मग मीही थांबे.

दिवाळीनंतर ती एका ट्रकखाली गेली.

आमच्याकडे तव्यावरची पहिली भाकरी कुत्र्याची. कमलवहिनी ती पायरीवर ठेवतच राहिली. हात आपोआप जातो, म्हणायची. गल्लीतली बाकीची कुत्री येत, हुंगत, आणि तोंड न लावता मागे सरत. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी पायरी चाचपून पाही. भाकरी नसे.

मी शहरातच, आबिड्स भागात, एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होतो. तिथंही नवं यंत्र आलं, फोन आपोआप जोडणारं. साहेब म्हणाले, रिसेप्शनला ठेवून बघतो, पण तीन महिने एकही खाडा नको. इकडे एकनाथदादांनी, माझ्या थोरल्या भावानं, बजावलं, "एकदा जरी पडलास तर घरी बसायचं. खुर्च्या विण." माया होती त्यात. पण मला वेत नको होता, माणसांचे आवाज हवे होते.

लक्ष ठेवायला दादांनी त्यांची नऊ वर्षांची योगिनी माझ्यामागे लावली. वीस पावलं मागून यायचं, थांब्यावरून शाळेत जायचं आणि संध्याकाळी सगळं सांगायचं. तिला वाटे, काकांना कळत नाही. तिचे शाळेचे बूट करकरत, मला ते घरापासून ऐकू येत.

चौथ्या दिवशी त्या करकरीखेरीज आणखी काहीतरी ऐकू आलं. डाव्या बाजूला, टिक टिक.

दुसरं एखादं कुत्रं असेल म्हणून मी हात खाली नेला. काही लागलं नाही. धाप नाही, ऊब नाही, नुसती नखं. आठवडाभर ती माझ्यासोबत थांब्यापर्यंत आली. मी कुणाला बोललो नाही. जे नाही ते ऐकू येणारा ऑपरेटर कोण ठेवून घेईल?

मग एका धुक्याच्या सकाळी, एकशे चाळिसाव्या पावलाला, नखं थांबली.

आदल्या दिवशी तिथं खड्डा नव्हता. काठी पुढे टेकवली, जमीन सपाट लागली. चाललो आणि पडलो, तर नोकरी गेली. उगाच थांबलो, तर योगिनी घरी सांगणार की काका रस्त्यात बावचळतात. तेही तेवढंच वाईट. पण पाय उचलला नाही.

बूट जवळ आले. मी विचारलं, पुढे काय आहे.

"काही नाही," योगिनी म्हणाली. "रस्ताच आहे."

तेवढ्यात एक दूधवाला सायकल दामटत आम्हाला ओलांडून गेला, आणि धप्प आवाज झाला. किटल्या आदळल्या. रात्री चर खणून वर नुसती भुसभुशीत माती सारखी केली होती. "मिट्टी कच्ची है जी, आगे नक्को आओ," तो कण्हत म्हणाला. चाक अर्धं आत गेलं होतं. आम्ही दोघांनी त्याला वर ओढलं.

तो गेल्यावर योगिनीनं माझी बाही धरली. मग अगदी हळू म्हणाली, "काका, तुमच्या आधी कोण थांबलं?"

मी हात डाव्या गुडघ्यापाशी नेला.

संध्याकाळी दादांनी तिला समोर बसवलं. मी दाराआड उभा होतो. पडला का? नाही. अडखळला? नाही.

"बाबा, मी उद्यापासून मागे जात नाही," ती म्हणाली. "काका एकटे नसतात."

दादांना वाटलं, थांब्यापर्यंत कुणी ओळखीचं भेटत असेल. बरं झालं, म्हणाले, आणि पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी योगिनी माझ्याबरोबर फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आली. तिथं वाकली. तिच्या बांगड्या माझ्या डाव्या गुडघ्यापाशी किणकिणल्या, दोनदा, तीनदा, जसा कुणाच्या पाठीवरून हात फिरवावा तशा. मग "नीट ने हं त्यांना," असं म्हणाली, आणि मागे न बघता शाळेच्या रस्त्याला धावत सुटली.