बाबांचं बोट

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कंपनीत तिला मॅडम म्हणणारी माणसं आहेत, पण बापाला त्याचं काय! शिलाई मशीनपाशी चिंध्यांशी खेळत वाढलेली पोर शिंपीबुवांच्या लेखी ठकीच राहिली. आता ती एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर होती. फोनच्या स्क्रीनला बोट लागलं, की ते मुद्दाम लावलंय की खिशात चुकून लागलंय, हे ओळखणारा कोड तिने लिहिला होता. एकाच जागी भराभर लागोपाठ स्पर्श झाले, तर ते चुकून झालेत असं समजून फोन सरळ कानाडोळा करायचा. खिशातून आपोआप लागणारे कॉल त्यामुळे थांबले आणि ऑफिसात ठकीचं कोण कौतुक झालं.

वर्षभरापूर्वी बाबांचे हात थरथरू लागले. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले, तेही कुरकुर न करता. दुपारी आत्याला फोन लावायचा आणि बहीणभावांनी मनसोक्त भांडायचं, एवढाच त्यांचा विरंगुळा. पण काही महिन्यांपूर्वी त्यांचं फोन करणंही बंद झालं. दादा माझ्यावर रुसलाय का, असं आत्याने रडवेल्या आवाजात ठकीलाच विचारलं. बाबांना विचारावं, तर म्हणे रोज रोज काय बोलायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिने पाहिलं. बाबा खिडकीशी बसून आत्याच्या फोटोवर बोट टेकवत होते. काहीच होईना. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी फोन पालथा घातला आणि दोन्ही हात काखेत दडवले.

"कात्री गेली, सुई गेली," ती जवळ आल्यावर ते म्हणाले. "आता साधा फोनही लागेना. या हातांत काही राहिलं नाही बघ."

तिने त्यांना पुन्हा एकदा बोट टेकवायला लावलं. थरथरतं बोट एका दमात चारपाचदा काचेला लागत होतं. एकाच जागी, भराभर, लागोपाठ.

"बाबा, हात ठीक आहेत तुमचे. चूक माझी आहे. असा स्पर्श सोडून द्यायला फोनला मीच शिकवलंय."

बाबांनी मायेने तिच्याकडे पाहिलं. "लहानपणापासून तुझं हेच. कुणाला वाईट वाटलं की दोष आपल्या अंगावर घ्यायचा. समजूत काढू नकोस ठकी."

आता काय करावं या माणसाला! पोरगी छातीवर हात ठेवून खरं सांगतेय आणि बापाला ते लाडाचं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी ती तडक टीम लीडसमोर जाऊन बसली. तो माणूस वाईट नव्हता. पण कोड सैल केला तर खिशातले कॉल पुन्हा सुरू होतील, आणि असे थरथरत्या हातांचे लोक आपल्या आकड्यांत जवळपास नाहीतच, असं त्याचं म्हणणं पडलं.

"दिसतील कसे?" ठकी म्हणाली. "त्यांचं बोट लागलं की आपण ते मोजायच्या आधीच फेकून देतो."

यावर त्याने समोरचे आकडे बाजूला सारले आणि कर म्हणाला. ठकीने खाणंपिणं विसरून काम केलं. बोट थरथरलं तरी ते कुठे टेकायचंय ते फोनने धीराने समजून घ्यायचं, असं सगळं नव्याने लिहिलं. त्या कंपनीत कुठलाही बदल जगाला द्यायच्या आधी आपल्याच लोकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या फोनवर चालवून बघायची रीत होती. त्या यादीत तिने बाबांचा फोन घातला. त्यांना मात्र अवाक्षर बोलली नाही. पुन्हा लागला नाही, तर ते आणखी खचले असते.

मीटिंग ऐन रंगात आलेली असताना तिचा फोन वाजला. स्क्रीनवर बाबा. ती तिथेच बोलू लागली.

"ठकी, लागला गं. आत्याशी भांडून झालं, म्हटलं तुलाही लावून बघावा. हात तसाच हलतोय, तरी लागला. म्हणजे चूक खरंच तुझी होती?"

तिला डोळ्यांतलं पाणी आवरेना. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"हो बाबा," ती म्हणाली. "माझीच होती."

"बरं झालं बाई," बाबा म्हणाले आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर हसले.